हसीनाबीची खिडकी

कंडक्टरच्या बायकोची मोठी मजा, हवं तेव्हा एसटीत चढावं नि हवं तिथं उतरावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा येरमाळ्याला जाऊन हसीनाबीला विचारावं. ती आधी हसेल. मग पदर सावरून सांगेल, की बाई, एसटीत मी जन्मभर चढले, जन्मभर उतरले, पण मधल्या मधे कधी बसल्याचं काही ध्यानात नाही.

त्याचं असं, की फकरुद्दीन कंडक्टर माणूस नेक. इतका नेक, की गाडीत कुणी म्हातारी चढली, कुणी लेकुरवाळी चढली, की त्याची नजर पहिल्यांदा स्वतःच्या बायकोवर जायची. दुसऱ्या कुणाला उठवायचं तर भांडण. हिला उठवायला नुसती मान हलवली की झालं. हसीनाबीचं माहेर नळदुर्गचं. येरमाळ्याच्या स्टँडवर ती हौसेनं खिडकी धरून बसायची आणि येडशी यायच्या आत दांडीला लोंबकळत उभी असायची. नवी नवरी होती तेव्हा उभी. पहिल्या बाळंतपणाला निघाली तेव्हा तेवढी बसली, पण खिडकीशी नाही. खिडकीशी तिच्याहून जास्त अवघडलेली दुसरीच एक होती.

असा सगळा संसार उभ्यानं झाला. फकरुद्दीन रिटायर झाला, खाकी कपडे पेटीत गेले, आणि एक दिवस नळदुर्गहून फोन आला, की हसीनाबीच्या भावाच्या मुलीचा, मिनाजचा, निकाह ठरला. हसीनाबीच्या मांडीवर खेळलेली पोर ती. घरात आनंदीआनंद व्हायला हवा होता. हसीनाबीनं मात्र फोन ठेवला, तांदूळ निवडायला घेतले आणि खाली बघूनच म्हणाली,

"तुम्ही जाऊन या. मी येत न्हाय."

"कायको?"

"उभं राहून जायचं वय सरलं माझं. खिडकीशी बसून जाईन, न्हाय तर मिनाजला हितनंच दुवा देईन."

आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? गप्प बसला असता, आणि आदल्या दिवशी गुपचूप रिझर्व्हेशन केलं असतं. पण रिटायर झालेल्या माणसाला घरात कुणी विचारत नाही, आणि न विचारलेला माणूस जरा मोठ्यानं बोलतो. फकरुद्दीन म्हणाला, "आपल्या सोताच्या गाडीत जाशील. खिडक्या सगळ्या तुझ्या!"

तांदळातला खडा थाळीत टण्णकन वाजला. हसीनाबीनं वर बघितलं. त्या नजरेत किती वर्षांचं काय काय होतं ते फकरुद्दीनलाच ठाऊक. पण बोर्ड लावून झाला होता. बोर्ड लागल्यावर गाडी सोडावी लागते, हा त्याच्या उभ्या नोकरीचा धर्म.

राहता राहिली अडचण एकच. फकरुद्दीनला गाडी चालवता येत नव्हती.

गाडी चालवायची धोंडीबानं. हे सांगायचीही गरज नव्हती, जसं सकाळी सूर्यानं उगवायचं हे कुणी सांगत नाही. धोंडीबा ड्रायव्हर आणि फकरुद्दीन कंडक्टर, दोघांची अख्खी नोकरी एका गाडीवर गेली होती. रिटायर झाले तेही पाठोपाठ, घरंही एका गल्लीत. पण एकमेकांना नावानं हाक कधी मारली नाही. हा म्हणायचा "डायवर", तो म्हणायचा "कंडक्टर", आणि दोघांच्या बायका म्हणायच्या, "ह्या दोघांचं लगीन झालंय, आपण नुसत्या वऱ्हाडी."

गाडी मिळाली ईट गावी, रणधीर नावाच्या खवेवाल्याकडं. भूम भागात खव्याच्या भट्ट्या, आणि ही सरकत्या दाराची चौकोनी व्हॅन बिचारी उभं आयुष्य खवा वाहत होती. आता तिच्याच्यानं होईना, म्हणून गोठ्यामागं उभी केलेली. चाकं अर्धी मातीत, टपावर कोंबडी अंड्यावर बसलेली.

धोंडीबानं गाडीभोवती एक फेरी मारली. टायरला लाथ घातली. बॉनेट उघडून आत नाक खुपसलं. मग पोटुशी बाई तपासणाऱ्या सुइणीसारखा इंजिनावर हात ठेवून डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, "जीव हाय."

फकरुद्दीननं यातलं काही बघितलं नाही. तो आत शिरला, सवयीनं सीटा मोजल्या, मधल्या बाकाच्या उजव्या खिडकीपाशी बसला आणि काच सरकवली. काच कुरकुरली, अडली, आणि मग सरळ सरकली. बाहेरून वारं आलं. ज्वारीच्या पोटऱ्यातल्या कणसांचा वास आला.

"घेतली," फकरुद्दीन म्हणाला.

"अजून किंमत तर सांगू द्या की," रणधीर म्हणाला. हा माणूस व्यापारी असून भला होता. "आणि एक आदीच सांगतो, कंडक्टर. हिच्यातनं खव्याचा वास जात न्हाय."

"वास तर वास. वासाला काय तिकीट लागतं व्हय?"

गाडी टेंपोत चढून येरमाळ्याला आली. गाडीला गाडीत बसून सासरी यायचं भाग्य; तेवढंही हसीनाबीला मिळालं नव्हतं. गल्ली गोळा झाली. धोंडीबाची बायको कमलबाई भाकरतुकडा घेऊन आली, चाकांवर पाणी ओतलं, आणि कमलबाईच्या ओठाशी ओवी नेहमीच तयार, तिनं तिथंच सूर धरला:

*सई माझ्या हसीनाच्या दारी आलं गं वाहान*
*बसायाला खिडकी, वर आभाळ लहान*

आणि मग गाडीचं दार सरकवलं गेलं, आतून मुंग्यांची रांग बाहेर पडली, आणि कमलबाईनं सूर न मोडता पुढचं जोडलं:

*सई माझ्या हसीनाच्या दारी वऱ्हाड कोणाचं*
*मुंग्या आल्या लगनाला, जेवण खव्याचं*

पहिले काही दिवस या वासातच गेले. सकाळी वास मंद असायचा, दुधावरच्या सायीसारखा. ऊन चढलं की खवा जागा व्हायचा. दुपारी तर अख्ख्या गल्लीत कुणाच्या घरी सुतक असलं तरी बासुंदीचा बेत असल्यासारखं वाटायचं. मांजरी आल्या. मांजरींमागं कुत्री आली. शेवटी माणसं आली. हायवेवरून एक पाहुणे पातेलं घेऊनच दारात उभे राहिले आणि ताजा हाय का शिळा, असं विचारू लागले.

यावर सल्ला द्यायला शंभुलिंग होताच. शंभुलिंगचं हार्डवेअरचं दुकान फकरुद्दीनच्या दारासमोर. दुकानात पाइप, पत्रे, पाण्याच्या काळ्या टाक्या आणि भरपूर रिकामा वेळ. तो म्हणाला, "कांदा चिरून ठेवा आत. कांदा वास ओढतो."

कांदे चिरून ठेवले. हसीनाबी रडली, फकरुद्दीन रडला, मांजरी मात्र हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर बासुंदीला फोडणी दिल्यासारखा वास.

"मग कडुलिंबाचा धूर करा," शंभुलिंग म्हणाला.

धूर केला. धूर जरा जास्त झाला. वरच्या आळीतून लोक बादल्या घेऊन धावत आले आणि फकरुद्दीन आतून खोकत खोकत "गाडी चालू हाय, गाडी चालू हाय" असं ओरडत बाहेर पडला, जे तर सपशेल खोटं होतं.

शेवटी हसीनाबीच म्हणाली, "राहू द्या तो वास. लग्नाला चाललोय, मयताला न्हाय. गोड वास आला तर काय बिघडलं?" आणि त्या दिवसापासून गाडीत खवा कायमचा राहिला, एखाद्या म्हाताऱ्या पाहुण्यासारखा.

मग रंग. गल्लीचं म्हणणं पांढरा. शंभुलिंगचं म्हणणं हिरवा, कारण त्याच्याकडं हिरव्याचे डबे पडून होते. फकरुद्दीननं कुणाचं ऐकलं नाही. त्यानं एसटीचा लाल आणला आणि ब्रशनं, स्वतःच्या हातानं, लुंगी गुडघ्यावर खोचून रंगवायला बसला. वारं सुटलं, रंगाला धूळ चिकटली, धुळीवर मुंग्या चिकटल्या. एका बाजूनं गाडी लाल दिसायची, दुसऱ्या बाजूनं भाजल्यासारखी. पण मधल्या बाकावरच्या उजव्या खिडकीच्या वर त्यानं पांढऱ्या रंगात, जपून, जीभ दातांत धरून अक्षरं काढली: राखीव.

हसीनाबीनं ती अक्षरं दारातून बघितली. त्या दिवशी चहात साखर हात सोडून पडली होती.

आता इंजिन. हायवेच्या कडेला अल्ताफचं गॅरेज. तो येऊन बॅटरी, प्लग, पाइप, काय काय बदलून गेला, आणि एका सकाळी गाडी खोकली, शिंकली आणि चालू झाली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. धोंडीबा ठेवणीतला पांढरा शर्ट घालून स्टेअरिंगवर बसला. कमलबाईनं चाकाखाली लिंबू ठेवलं. फकरुद्दीन बाहेर, कमरेवर हात, मालकासारखा.

धोंडीबानं क्लच दाबला. गिअर टाकला. समोर बघितलं.

गाडी जागच्या जागी थरथरत राहिली.

लिंबू वाट बघत होतं. गल्ली वाट बघत होती. धोंडीबा समोर बघत होता, असं की जणू पुढं हैदराबाद दिसतंय.

"डायवर, सोडा की!"

"सुटंना."

"काय सुटंना?"

"पाय," धोंडीबा म्हणाला, आणि कपाळाचा घाम पुसला. "क्लच गच्च झालाय. पाय वर येईना."

अल्ताफनं क्लचची वायर बदलली. स्वतः बसला, गाडी पुढं नेली, मागं आणली, लोण्यासारखी. धोंडीबा बसला. गाडी थरथरली आणि तिथंच.

"काका," अल्ताफ म्हणाला, "गाडीला तुमची भीती वाटतीय काय की."

गल्ली हसली. धोंडीबा हसला नाही. एका ओरखड्याचीही नोंद नसलेला ड्रायव्हर तो. घाटात धुक्यात त्यानं गाडी अशी काढलेली, की आतल्या बाईच्या मांडीवरचं लेकरू जागं झालं नव्हतं. तो खाली उतरला, शर्टाची इस्त्री नीट केली आणि घरी गेला. त्या संध्याकाळी चहाला आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

शंभुलिंग म्हणाला, "अल्ताफलाच न्या की नळदुर्गला. तरणा हाय."

फकरुद्दीन इतका चिडला की त्यानं शंभुलिंगला प्रथमच नावानं नाही, "ओ प्रवासी" म्हणून हाक मारली. "डायवर सोडून दुसऱ्याच्या गाडीत म्या कधी चढलो न्हाय, आन् चढणार बी न्हाय!"

पण निकाह जवळ येत होता. हसीनाबी काही विचारत नव्हती, आणि तिचं न विचारणंच फार वाजत होतं. हिरवी साडी तिनं पेटीतून काढली होती, परत पेटीत ठेवली होती. फकरुद्दीननं ते बघितलं आणि गुपचूप धोंडीबाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"डायवर, एक शेवटची ट्रीप मारून बघू. न्हाय जमलं तर गाडीत कोंबड्या पाळू."

धोंडीबा आला. शर्ट साधा. गल्लीनं आता गर्दी केली नाही, फक्त कमलबाईनं चाकाखाली नवं लिंबू ठेवलं आणि शंभुलिंग दुकानाबाहेर टाक्या मांडत होता. गाडी चालू झाली. क्लच, गिअर, नजर समोर. थरथर, थरथर. फकरुद्दीननं डोळे मिटून घेतले.

आत स्वयंपाकघरात हसीनाबी वरण घोटत होती. पळीला चिकटलेलं वरण झटकायला तिनं पळी पातेल्याच्या काठावर आपटली. टण्, टण्.

आणि गाडी सुटली!

सुटली म्हणजे नुसती चालली नाही, येडशीला वेळेवर पोचायचं असल्यासारखी निघाली. लिंबू चिरडलं, मांजरी टपावरून उडाल्या, धोंडीबाच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी उजेड आला, आणि समोर शंभुलिंगची एक काळी टाकी ठोकर खाऊन गडगडत हायवेच्या दिशेनं निघाली. तिच्यामागं शंभुलिंग. "आरं माझी टाकी! हजार लिटरची हाय ती!" जणू भरलेलीच होती.

गाडी थांबली तेव्हा धोंडीबा आणि फकरुद्दीन एकमेकांकडं बघत राहिले. मग फकरुद्दीननं घराकडं बघितलं. हसीनाबी पळी घेऊन दारात आली होती.

"बेल," फकरुद्दीन हळू म्हणाला.

"बेल!" धोंडीबा म्हणाला, आणि स्टेअरिंगवर थाप मारली. "कंडक्टर, मला मागचं काय दिसतं? कोण चढलं, कोण उतरलं, कुणाचा पाय पायरीवर हाय, काय बी दिसत न्हाय. तुमची दोन बेल आली म्हंजे मागं समदे बसले. तवा कुठं माझा पाय उठतो. बेलबिगर गाडी म्या कधी सोडलीच न्हाय, आता कशी सुटंल?"

हसीनाबी पळी हलवत म्हणाली, "म्हंजे गाडी दुरुस्त होती, आन् तुम्ही दोघं बिघडलेले."

बेल आणायला फकरुद्दीन देवीच्या डोंगराखालच्या दुकानांत गेला. दुकानदार ओळखीचा. पितळेच्या घंटा वाजवून वाजवून फकरुद्दीन निवडू लागला, तेव्हा तो म्हणाला, "काय फकरूभाई, नवस फिटला?"

"फिटायचाय," फकरुद्दीन म्हणाला. "नळदुर्गला."

घंटा ड्रायव्हरच्या कानापाशी बसवली. तिची दोरी टपाच्या आतून मागं नेली, बाकावर बसून सगळ्यांना हाताशी येईल अशी. मग कागदपत्रांचं निघालं. आरसी पुस्तकात गाडी पांढरी, दारात गाडी लाल. जिल्ह्याच्या कचेरीत खिडकीवरचा बाबू मोठ्या गोडीनं म्हणाला, "आज फार गर्दी आहे, काका. पुढच्या सोमवारी या. मागून सगळं रिकामंच असतं."

फकरुद्दीन जागच्या जागी गारठला. हे वाक्य त्याचं होतं! गाडी खचाखच भरली की फाट्यावरच्या माणसांना दारातून हात हलवत तो जन्मभर हेच ओरडत आला होता, की मागून रिकामी येतीय. मागून रिकामी कधीच येत नसे. त्यानं बाबूकडं अशा प्रेमानं बघितलं, जसं आपलीच चोरलेली छत्री दुसऱ्याच्या हातात दिसावी. आणि त्या दिवशी तो खिडकीसमोरून हललाच नाही. सोमवारची गर्दी त्याला ठाऊक होती.

गाडी तपासायला साहेब आले. पुढं बसले. "चला," म्हणाले. धोंडीबा समोर बघत राहिला. मागून टण्-टण् झालं, गाडी निघाली.

"हे काय?" साहेब म्हणाले. "हॉर्न आहे ना?"

"हॉर्न भायेरच्यांना, साहेब," फकरुद्दीन नम्रपणे म्हणाला. "बेल आतल्यांना."

साहेबांनी डोकं खाजवलं, असा नियम कुठं आहे का ते आठवून बघितलं, हवेत एकदा हुंगलं, आणि सही करून टाकली. जाताना विचारलं, "खवा कुठनं आणता हो?"

असा निकाहाचा दिवस उजाडला. दिवाळी होऊन गेलेली, हवेत गारवा, माळावर गवत सोनेरी झालेलं. हसीनाबीनं हिरवी साडी नेसली, हातभर बांगड्या भरल्या, आणि गल्लीच्या डोळ्यांदेखत जाऊन खिडकीशी बसली. "राखीव" खाली. शेजारी कमलबाई, दाराशी फकरुद्दीन, हातात दोरी. मागचा बाक रिकामा. पुढं धोंडीबाशेजारी मात्र शंभुलिंग, न बोलावता. त्याचेही कुणी पाहुणे अचानक नळदुर्गात निघाले होते, आणि टाकीला पडलेला पोचा तो विसरला नव्हता.

टण्-टण्.

येडशीपर्यंत जे सुख होतं ते काय सांगावं! हसीनाबीनं काच पूर्ण उघडली. वारं पदरात भरलं. तिला ही वाट तोंडपाठ होती, पण माणसांच्या बगलांतून आणि पिशव्यांच्या फटींतून बघितलेली. सबंध वाट ती पहिल्यांदा बघत होती. "अगो, हितं तळं हाय?" ती म्हणाली. तळं तिच्या जन्माआधीपासून होतं.

येडशीच्या फाट्यावर एक म्हातारा-म्हातारी सीताफळाची पाटी घेऊन उभे. फकरुद्दीननं तोंड फिरवलं. बायकोकडं बघितलं. आभाळाकडं बघितलं. पण मागचा बाक अख्खा रिकामा धावत होता, आणि रिकामी सीट बघून ज्याचा हात शिवशिवत नाही तो कंडक्टर कसला? हात आपोआप वर गेला. एक बेल.

"अजी," हसीनाबी म्हणाली.

"मागंच बसतील ते. मागं!"

ते मागंच बसले. गाडीत आता खवा आणि सीताफळ, नुसती रबडी. धाराशिव गेलं, तुळजापूर गेलं. नळदुर्गच्या रस्त्याला लागले, आणि एका बाभळीखाली एक आजी हात करताना दिसली. शेजारी तिची लेक, दिवस भरत आलेली, कमरेवर हात देऊन उभी. धोंडीबाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. त्याला बेलही लागली नाही.

"यप्पा, पुण्य लागंल तुमाला," आजी म्हणाली. तिचं नाव शिवम्मा. "लेकीला बाळंतपणाला न्हेतीय. म्होरं आमचा फाटा हाय, तितं सोडा. सकाळधरनं एक बी गाडी थांबना. समदे म्हणत्यात, मागनं रिकामी येतीय."

फकरुद्दीनचे कान तापले. त्यानं गाडीत बघितलं. मागं पाटी सरकवली तर आजी मावेल. पण पोरीचं काय? शंभुलिंगकडं बघितलं, तर शंभुलिंग घोरत होता. झोप लागायच्या आधीच घोरणं लागलेलं दिसत होतं.

आणि मग तीच जुनी घडी आली. गाडी भरलेली, दारात अवघडलेली बाई, आणि फकरुद्दीनची मान सवयीनं वळली ती उजव्या खिडकीकडं.

हसीनाबी उठायला लागली होती.

तोंडावर राग नव्हता. तेच तर वाईट होतं. तिनं एका हातानं पदर गोळा केला, दुसऱ्यानं पिशवी, जशी ती जन्मभर उठत आली होती, कुणी सांगायच्या आत.

"बस!" फकरुद्दीन एवढ्या जोरानं ओरडला की शंभुलिंग खरोखर जागा झाला. "खाली बस. वाचता येतं का न्हाय? राखीव हाय सीट!"

आणि तो स्वतः खाली उतरला. पोरीला हात देऊन आपल्या जागी बसवलं, आजीला मागं चढवलं, सरकतं दार ओढून घेतलं.

"अजी, आन् तुम्ही?"

"मी येतो मागनं. डायवर, जाऊ द्या!" आणि त्यानं गाडीच्या पत्र्यावर तळहाताच्या दोन थापा मारल्या.

गाडी गेली. धूळ खाली बसली. बाभळीखाली फकरुद्दीन एकटा, अंगावर निकाहाची शेरवानी, खिशात अत्तराची कुपी. लग्न सासुरवाडीत, गाडी स्वतःची, आणि मालक फाट्यावर. एसटी आली. त्यानं हात केला. दारातून एक हात हलला आणि आवाज आला, "मागून रिकामी येतीय!"

फकरुद्दीननं मान खाली घातली. आवाजात घाई बरोबर होती, सूर मात्र अजून कच्चा होता, असं त्याला वाटलं.

मागून दुसरी आली. रिकामी नव्हतीच. पण थांबली. कंडक्टर हर्षाली नावाची तरणी पोर. "बाबा, आत सरका, आत सरका. पुढं जागाच जागा हाय." पुढं जागा नव्हती हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? तो दांडी धरून उभा राहिला. मानेखाली कुणाचा तरी कोपर, पायावर कुणाची तरी बॅग. खिडकीतून काही दिसत नव्हतं. अधूनमधून फटीतून जरा आभाळ. तो उभा राहिला आणि त्याला एकेक वळण पायात कळू लागलं. इथं धक्का बसतो. इथं दांडी सोडली तर पडतो. इथं गुडघा दुखतो. असं होतं तर हे, असं त्याच्या मनात आलं. किती साधी गोष्ट, आणि किती उशिरा.

पुढच्या फाट्यावर हर्षालीनं एक बेल दिली. कुणी तरी उतरत होतं. फकरुद्दीननं वाकून बघितलं, आणि बघतो तर रस्त्याच्या कडेला ती, लाल, भाजल्यासारखी, थरथरत उभी.

शिवम्मा आजी आणि लेक उतरून वाटेला लागल्या होत्या. गाडी मात्र तिथंच. "आवं सोडा की!" कमलबाई ओरडत होती. "सोडा हो," शंभुलिंग म्हणत होता. मागून सीताफळवाले म्हणत होते. धोंडीबा समोर बघत बसला होता, देवळातल्या दगडासारखा शांत. मागं सगळे बसले का, त्याला कोण सांगणार? दोरी कंडक्टरची, तिला हात लावायचं कुणाला सुचलं नव्हतं.

फकरुद्दीन एसटीतून उडी मारूनच उतरला. "थांबा! थांबा! मी आलो!" शेरवानी सावरत, चपला फटफटवत तो धावत सुटला.

हसीनाबीनं खिडकीतून मान बाहेर काढली. मागं बघितलं. धुळीतून धावत येणारा आपला कंडक्टर बघितला. कितीतरी फाट्यांवर, कितीतरी माणसं अशीच धावत आली होती, आणि ती आतून उभ्यानं बघत आली होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काही हललं. मग हिरव्या बांगड्यांचा हात वर गेला आणि टपाखालची दोरी त्यानं धरली.

टण्-टण्.

गाडी सुटली. आणि खिडकीतून, वाऱ्यात पदर उडवत, हसीनाबी सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"मागून रिकामी येतीय!"

फकरुद्दीन रस्त्यात उभाच राहिला. एसटी त्याला ओलांडून गेली. आतून हर्षाली हसत होती. त्याला आधी राग यायचा होता, पण रागाच्या आधी हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत धूळ गेली.

दूर वळणाच्या अलीकडं एक बेल वाजली. लाल गाडी थांबली. दार आतून सरकलं. फकरुद्दीन धापा टाकत पोचला तेव्हा कमलबाई ओवी जुळवतच होती:

*नळदुर्गाच्या वाटंनं वारा पदराशी बोले*
*राखीव खिडकीत सई हिरव्या रंगात डोले*

दाराशी सीट रिकामी होती. फकरुद्दीननं तिकडं बघितलं, मग उजव्या खिडकीकडं बघितलं, आणि पायरीवर पाय ठेवून थांबला, परवानगी मागितल्यासारखा.

"चला बाबा, आत सरका," हसीनाबी म्हणाली. दोरी तिनं सोडली नव्हती. "पुढं जागाच जागा हाय."

तो बसला. तिनं मागं वळून सीताफळवाल्यांना बघितलं, कमलबाईला बघितलं, पायरीवर कुणाचा पाय नाही ना ते बघितलं, आणि मग, सगळे बसले आहेत अशी खात्री करून, दोन बेल दिल्या.